नवा पीसी, ०५७० आणि पिवळे त्रिकोण: घरी जोडलेल्या मशीनवर विंडोज ११ बसवताना

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरचा जुना पीसी इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५वर चालणारा. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे तिथे सरळ मार्ग नव्हताच. दिवाळीनंतर नवे पार्ट घेतले, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, काही ऑनलाइन: रायझन ५ ९६००एक्स, बी८५० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबीच्या दोन स्टिकचा डीडीआर५-६००० किट, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ५०६० ग्राफिक्स कार्ड आणि ६५० वॉटचा पॉवर सप्लाय. दुकानात जोडणी आणि विंडोज मिळून दीड हजार सांगत होते. ते घरीच करायचं ठरलं.

जोडणीवर व्हिडिओ ढिगाने आहेत. पहिल्यांदा बटण दाबल्यापासून डिव्हाइस मॅनेजरमधला शेवटचा पिवळा त्रिकोण (अडलेल्या डिव्हाइसची खूण) जाईपर्यंत काय काय होतं, हे मराठीत फारसं सापडलं नाही, म्हणून तेवढंच सविस्तर लिहितो. एक आधीच सांगतो. ज्याला सरसकट 'ड्रायव्हरचा प्रॉब्लेम' म्हटलं जातं, त्यातलं बरंचसं ड्रायव्हरच्या खालच्या थरात असतं: रॅम, पेनड्राइव्ह, बायोसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) सेटिंग. तिथलं साफ होईपर्यंत ड्रायव्हर टाकत बसण्यात अर्थ नाही.

तयारी जुन्या पीसीवर केली. पेनड्राइव्ह दोन घ्या, दोन्ही मिळून हजाराच्या आत आले. एक विंडोजचा, दुसरा फक्त ड्रायव्हरचा. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. आयएसओ (सेटअपची एकत्र बांधलेली फाइल) उतरवून त्यातल्या फाइली हाताने कॉपी करणारे इथे अडकतात, कारण पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये असतो, फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही आणि आयएसओमधली 'इन्स्टॉल' नावाची मुख्य फाइल त्याहून मोठी असते. टूल किंवा रूफस हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं की हा प्रश्न येत नाही. आयएसओ घेतलीच तर मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावर तिचा शा-२५६ हॅश (फाइलीची ओळख पटवणारा आकडा) दिलेला असतो. पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' चालवून तो जुळवा. पाच मिनिटं जातात, पण पुढे काही फसलं तर संशयितांच्या यादीतून एक नाव कमी होतं.

ड्रायव्हरच्या पेनड्राइव्हवर बोर्डाच्या सपोर्ट पानावरून चिपसेट, लॅन, वाय-फाय, ब्लूटूथ आणि ऑडिओ घेतले. पान उघडताना मॉडेलचं पूर्ण नाव आणि बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेली रिव्हिजन, दोन्ही बघा. नाव तेच असूनही रिव्हिजन बदलली की वाय-फायचं कार्ड वेगळ्याच कंपनीचं असू शकतं. झिप फाइली तिथल्या तिथे उलगडून ठेवा. का, ते पुढे येईल.

शनिवारी, १ नोव्हेंबरला जोडणी संपवून बटण दाबलं. पंखे फिरले, मॉनिटर काळा, बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला दिवा पेटलेला. एएम५ (म्हणजे या रायझनच्या सॉकेटच्या) बोर्डावर पहिल्या वेळी हे व्हायचंच. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात, आणि त्यात काही मिनिटं सहज जातात. पंधरा मिनिटं हात लावू नका. मध्येच पॉवर काढली की सगळं पहिल्यापासून. दोनच स्टिक असतील तर त्या सीपीयूपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बोर्डावर तिथे ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं.

चित्र आल्यावर बायोसमध्ये चार गोष्टी पाहिल्या. रॅम पूर्ण ३२ जीबी दिसते का, एनव्हीएमई यादीत आहे का, एफटीपीएम (सीपीयूतलाच टीपीएम) चालू आहे का आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद आहे का. एक्स्पो, म्हणजे रॅम ६०००च्या वेगाने चालवणारा प्रोफाइल, मुद्दाम बंदच ठेवला. तो नसताना किट ४८००वर चालतो. विंडोज बसेपर्यंत तेवढा वेग पुरे, आणि काही बिघडलं तर ओव्हरक्लॉकिंगमुळे बिघडलं का, ही शंका उरत नाही.

जुन्या पीसीतली साटा एसएसडी या वेळी जोडली नाही. मशीनमध्ये दोन डिस्क असल्या की विंडोजचा सेटअप कधी कधी विंडोज एका डिस्कवर टाकतो आणि बूटचं छोटं ईएफआय पार्टिशन दुसरीवर. पुढे कधी ती दुसरी डिस्क काढली की मशीन उठत नाही. सेटअपच्या वेळी ज्या डिस्कवर विंडोज टाकायचंय तेवढी एकच लावलेली असावी.

आता मुख्य अडचण. डिस्क निवडली, फाइली उतरायला लागल्या आणि अर्ध्यात सेटअप थांबला: आवश्यक फाइली इन्स्टॉल करता येत नाहीत, फाइल खराब किंवा गायब असू शकते, कोड ०एक्स८००७०५७०. या कोडवर शोधलं की आधी 'पेनड्राइव्ह नव्याने बनवा' आणि मग 'स्टोरेजचा ड्रायव्हर टाका' हेच सल्ले मिळतात. पहिला ठीक आहे. दुसऱ्याचा इथे संबंध नाही, कारण डिस्क दिसत होती आणि तिच्यावर लिहिलंही जात होतं. स्टोरेज ड्रायव्हरची गरज तेव्हा, जेव्हा डिस्कची यादीच रिकामी येते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे बायोसमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सोय) चालू असेल तर तसं होतं. तिथे एकतर इंटेलच्या आरएसटीचा ड्रायव्हर 'लोड ड्रायव्हर'मधून द्यायचा, नाहीतर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) करायचं नसेल तर व्हीएमडी बंद करायचं. एएमडीवर बायोसमध्ये रेड चालू केलेलं नसेल तर यातलं काहीच लागत नाही.

अशा वेळी पाहायची खूण म्हणजे सेटअप किती टक्क्यांवर मरतो. दर वेळी त्याच टक्क्यावर मरत असेल तर तीच फाइल खराब आहे, म्हणजे पेनड्राइव्ह किंवा आयएसओ. दर वेळी वेगळ्या ठिकाणी, आणि कधी ०५७० तर कधी ०२५डी असा वेगळाच कोड येत असेल, तर फाइल ठीक आहे, ती वाचल्यावर ज्यात ठेवली जाते ती जागा बिघडलेली आहे. म्हणजे रॅम. इथे कधी ३० टक्के, कधी ७० टक्के. पेनड्राइव्ह मागच्या यूएसबी २ पोर्टमध्ये लावून पाहिला, तेच. पेनड्राइव्हवर संशय राहू नये म्हणून दुसऱ्यावर नव्याने सेटअप बनवला, तेच.

मग रॅम. मेमटेस्ट८६ची मोफत आवृत्ती तिसऱ्या, जुन्या पेनड्राइव्हवर टाकली (१ जीबीचाही चालतो) आणि त्यावरून बूट केलं. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, ३२ जीबीला कित्येक तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपायचं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. मग एकेक स्टिक ए२ खाचेत लावून वेगवेगळी तपासली. एक स्वच्छ. दुसरीत ४८००वरही एरर, आणि दर वेळी साधारण त्याच पत्त्यांच्या आसपास. खाच बदलली तरी एरर त्याच स्टिकबरोबर गेली, म्हणजे बोर्ड निर्दोष. ही अदलाबदल टाळू नका. नाहीतर रॅम बदलून येते आणि एरर जिथल्या तिथे राहते. मेमटेस्ट८६ शेवटी पेनड्राइव्हवर अहवालाची फाइल जपून ठेवतो, ती लगेच कॉपी करून घ्या.

चांगल्या एकट्या स्टिकवर सेटअप पहिल्या दमात पार पडला. त्याआधी डिस्क पूर्ण पुसली, कारण अर्धवट आणि खराब रॅममधून गेलेल्या फाइलींवर पुन्हा चढवणं बरं नाही. सेटअपच्या पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबलं की काळी कमांड खिडकी उघडते. तिथे डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, क्लीन आणि कन्व्हर्ट जीपीटी. लिस्टमध्ये आकार बघूनच नंबर द्या. क्लीनला 'खात्री आहे का' विचारायची सवय नाही. एमबीआर किंवा जीपीटीचं (डिस्कची जुनी आणि नवी मांडणी) कारण देऊन सेटअप डिस्क नाकारत असेल तर त्यावरही हाच इलाज, फक्त डिस्कवर ठेवण्यासारखं काही नाही ना, ते आधी पाहा. एक मात्र आहे, पेनड्राइव्ह यूईएफआय (बूटची नवी पद्धत) मोडमध्येच बूट झालेला असला पाहिजे. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो निवडा.

पुढचा अडथळा इंटरनेट जोडायला सांगणारा पडदा. विंडोज ११ होमला इथे इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं असतं, आणि बोर्डावरची ५ गिगाबिट लॅन आणि वाय-फाय ७, दोन्ही विंडोजला अनोळखी. हा खरा ड्रायव्हरचा प्रश्न. 'बायपासएनआरओ' ही जुनी युक्ती मायक्रोसॉफ्ट नव्या आवृत्त्यांतून काढत चाललंय, तिच्या भरवशावर राहू नका. सरळ मार्ग दोन आहेत. अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग चालू करायचं. त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. आयफोनचं इथे जमेलच असं नाही, त्याला ॲपलचा वेगळा ड्रायव्हर लागतो.

दुसरा मार्ग मी वापरला. पुन्हा शिफ्ट आणि एफ१०. पेनड्राइव्हला कोणतं अक्षर मिळालंय ते डिस्कपार्टमधल्या लिस्ट व्हॉल्यूमने कळतं, मग एक्झिट. त्यानंतर पीएनपीयुटिल, जागा सोडून स्लॅश ॲड-ड्रायव्हर, मग लॅनच्या फोल्डरचा पत्ता आणि त्याच्या शेवटी स्टार डॉट आयएनएफ, पुढे स्लॅश सबडिर्स आणि स्लॅश इन्स्टॉल. एंटर दाबल्यावर काही सेकंदांत लॅन पोर्टचा दिवा लुकलुकायला लागला. झिप आधीच उलगडून ठेवायची ती यासाठी. या कमांडला सेटअपची एक्सई फाइल नको असते, आयएनएफ हवी असते, आणि तिच्या शेजारी त्याच ड्रायव्हरच्या एसवायएस आणि कॅट फाइली असाव्या लागतात.

डेस्कटॉप आला आणि लगेच कोपऱ्यात बोर्ड कंपनीची खिडकी: 'आमचं सॉफ्टवेअर टाकू का?' हे विंडोज विचारत नाही. बोर्डाच्या बायोसमध्ये तशी सोय असते आणि इंटरनेट मिळालं की ती जागी होते. बायोसमध्ये तो पर्याय बंद करता येतो. माझं मत, बंदच ठेवावा. एका लॅन ड्रायव्हरसाठी आलेलं सॉफ्टवेअर दिवे, पंखे आणि जाहिराती असं सगळं घेऊन मुक्काम ठोकतं.

मग विंडोज अपडेट पूर्ण होऊ दिलं. घाईने ग्राफिक्सचा इन्स्टॉलर चालवला तर मागे विंडोज अपडेट त्याच कार्डाचा जुना ड्रायव्हर उतरवत असतं आणि दोघे एकमेकांत अडकतात. 'चेक फॉर अपडेट्स' दाबून काही नवं येत नाही असं झाल्यावर डिव्हाइस मॅनेजर उघडला. पिवळे त्रिकोण: 'पीसीआय एन्क्रिप्शन डिक्रिप्शन कंट्रोलर', 'नेटवर्क कंट्रोलर' आणि काही 'अननोन डिव्हाइस'.

नाव वाचून गुगलवर ड्रायव्हर शोधू नका, आणि 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' देणारे प्रोग्रॅम तर मुळीच नकोत. त्रिकोणावर डबल क्लिक करा. पहिल्या टॅबमध्ये कोड असतो. २८ म्हणजे ड्रायव्हर नाहीच. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण डिव्हाइस सुरू होत नाही. ४३ म्हणजे डिव्हाइसने स्वतःच बिघाड कळवला म्हणून विंडोजने ते थांबवलंय. २८वर ड्रायव्हर टाकायचा. ४३वर तोच ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी कार्ड खाचेत नीट बसलंय का आणि त्याची पॉवरची केबल लागलीय का, ते बघायचं.

मग डिटेल्स टॅब, आणि प्रॉपर्टीच्या यादीतून हार्डवेअर आयडी. त्या लांबलचक ओळीत 'व्हेन'नंतरची चार अक्षरं चिप बनवणाऱ्याची, 'डेव्ह'नंतरची चार त्या चिपची. १०ईसी म्हणजे रियलटेक, १४सी३ मीडियाटेक, ८०८६ इंटेल, १०२२ एएमडी, १०डीई एनव्हिडिया. इथल्या लॅनवर १०ईसी आणि ८१२६ होतं, नेटवर्क कंट्रोलरवर १४सी३. म्हणजे दुसरा त्रिकोण वाय-फायचा, आणि मीडियाटेकचा ड्रायव्हर हवा. अननोन डिव्हाइसमधल्या एकावर एएमडीआय००३० दिसलं, ते एएमडीचं जीपीआयओ. त्याचा ड्रायव्हर चिपसेटच्या पॅकेजमध्ये असतो, एन्क्रिप्शन कंट्रोलरचाही तिथेच. एक चिपसेट पॅकेज टाकून रीस्टार्ट केलं आणि निम्मे त्रिकोण गेले. म्हणूनच क्रम असा ठेवा: चिपसेट, रीस्टार्ट, वाय-फाय, ब्लूटूथ, ऑडिओ, ग्राफिक्स. लॅन राहिली असेल तर ती सगळ्यांच्या आधी.

ब्लूटूथ आणि वाय-फाय एकाच कार्डावर असले तरी मशीनला ते दोन वेगळे दिसतात. वाय-फाय पीसीआयवरून, ब्लूटूथ यूएसबीवरून. त्यामुळे एकाचा ड्रायव्हर टाकून दुसरं चालत नाही. अँटेना मागे घट्ट बसवा, घरात लॅन वापरत असलात तरी. ती नसेल तर ब्लूटूथचा माऊस हातभर अंतरावरूनही अडखळतो. आणि स्लीपमधून उठल्यावर ब्लूटूथ यादीतूनच नाहीसं झालं तर ड्रायव्हर उखडण्याआधी पीसी बंद करा, पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद करा, समोरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुन्हा चालू करा. कार्डावरची उरलीसुरली वीज गेली की ते बहुतेक वेळा परत येतं.

ग्राफिक्सला त्रास झाला नाही. केबल बोर्डाला नव्हे तर कार्डाला लावायची, ड्रायव्हर टाकताना स्क्रीन काही सेकंद काळी होते तेव्हा घाबरायचं नाही, आणि नंतर ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट वाढवायचा. नाहीतर १४४ हर्ट्झचा मॉनिटर निमूटपणे ६०वर चालत राहतो. जुना ड्रायव्हर खरंच अडकला असेल तरच डीडीयू (ग्राफिक्सचा ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर), तेही सेफ मोडमध्ये आणि इंटरनेट काढून.

रॅमचा दावा सोमवारी, १० नोव्हेंबरला दाखल केला. ऑनलाइन अर्जात सीरियल नंबर, स्टिकरचा फोटो, जीएसटी बिल आणि बिघाडाचं वर्णन मागतात. वर्णनात 'पीसी हँग होतो' असं लिहू नका. कोणती स्टिक, कोणत्या खाचेत, कोणत्या वेगावर आणि मेमटेस्टमध्ये किती एरर, एवढं लिहून अहवाल जोडला की उलट प्रश्न येत नाहीत. बिलावर सीरियल नंबर छापलेले नसतील तर दुकानातून घेतानाच शिक्क्यासह लिहून घ्या, नंतर तेवढ्यासाठी हेलपाटा होतो. किट म्हणून घेतलेली रॅम असेल तर एक स्टिक बिघडली तरी दोन्ही जमा कराव्या लागतात, कारण जोडी जुळवून विकलेली असते. तेवढे दिवस मशीन बंद राहू नये म्हणून मित्राकडून ८ जीबीची डीडीआर५ स्टिक आणली. रॅम बदलल्याने विंडोजचं ॲक्टिव्हेशन जात नाही. सेवा केंद्रातून निघताना जॉबशीट घ्या आणि तिच्यावर दोन्ही सीरियल नंबर आहेत का ते तिथेच उभ्या उभ्या वाचा. बदली फुकट मिळते, खर्च जाण्यायेण्याचा. त्या सुमारास रॅमचे भाव चढतच होते, त्यामुळे पैसे परत मिळण्यापेक्षा तोच किट परत मिळावा असं वाटत होतं, आणि तसंच झालं. २८ नोव्हेंबरला नवा किट हातात आला.

नवा किटही आधी मेमटेस्टवर लावला, एकदा ४८००वर आणि एकदा एक्स्पो चालू करून. वेग बदलला की ट्रेनिंग पुन्हा होतं, काळा पडदा पुन्हा दिसतो. दोन्ही वेळा एरर शून्य. त्यानंतरच बायोस अपडेट, आणि इथे एक गोष्ट कृपया वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने बसवलेल्या विंडोज ११च्या २४एच२पासूनच्या आवृत्त्या डिस्क एन्क्रिप्शन आपणहून चालू करतात. बायोस बदलला की टीपीएम बिथरतो आणि विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर असते. आधी तिथून कागदावर उतरवून घ्या, कारण ती मागितली जाते तेव्हा पीसीवर विंडोज उघडत नसतं. एएमडीवर अपडेटनंतर 'एफटीपीएम रीसेट करायचं का, वाय की एन' असंही विचारू शकतं. की हाताशी असेल तरच वाय. अपडेटमध्ये एक्स्पोही बंद होतो, तो पुन्हा चालू करावा लागतो.

सगळ्यात शेवटी जुनी साटा एसएसडी जोडली. ती एमबीआरची आणि सीएसएम बंद, त्यामुळे तिच्यावरचं विंडोज १० बूटमध्ये लुडबुड करत नाही, नुसती डेटाची डिस्क म्हणून दिसते. मग ॲडमिन कमांड खिडकीत डिझम, स्लॅश ऑनलाइन, स्लॅश एक्सपोर्ट-ड्रायव्हर, स्लॅश डेस्टिनेशन आणि कोलन देऊन आधी बनवून ठेवलेल्या रिकाम्या फोल्डरचा पत्ता असं लिहून चालू स्थितीतले, विंडोजच्या बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवले. ग्राफिक्समुळे फोल्डर मोठा होतो, पण आत सगळं आयएनएफच्या रूपात असतं, म्हणजे पुढच्या फॉरमॅटला वरचीच पीएनपीयुटिलची ओळ या एका फोल्डरवर चालवली की झालं.